वेल आणि काटेरी कुंपण

आयव्ही ही सदाहरित वेल आणि हॉली हे काटेरी पानांचे सदाहरित झाड, ही युरोपातल्या घरबागेची फार जुनी जोडी आहे. आयव्ही भिंतीवर आणि खोडांवर चढते. हॉली बागेच्या कडेला दाट वाढते आणि गुराढोरांना आत येऊ देत नाही. तिकडच्या लोकांना या दोघांचा जो लळा आहे तो मात्र या कामांपुरता नाही. डिसेंबरात ओक आणि बीचसारखी मोठी झाडे उघडीबोडकी होतात, गवत पिवळे पडते, दिवस चार वाजताच संपतो. त्या दिवसांत आयव्ही आणि हॉलीची पाने तशीच चकचकीत हिरवी राहतात आणि हॉलीवर लाल फळांचे घोस येतात. म्हणून नाताळात त्यांच्या डहाळ्या तोडून घरात आणतात. वर्षाच्या सगळ्यात कठीण महिन्यात जे हिरवे राहते ते घराजवळ असावे, एवढा साधा विचार त्या प्रथेमागे आहे.

या जोडीचा विचार माणमध्ये करायचा तर तो कठीण महिना कोणता, हे आधी ठरवावे लागते. माण हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या जमिनीवर आहे आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे पश्चिमेकडचे टोकही इथेच आहे. गावठाणातली कौलारू आणि पत्र्याची घरे, शेतातल्या वस्त्या, गुंठेवारीतले नवे बंगले आणि वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे असे सगळे एकाच शिवारात उभे आहे. जमीन बेसाल्टची, वर मुरूम आणि सखल भागात काळी माती. पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत. चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या ताम्हिणी घाटात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पुणे शहरात सातशेच्या आसपास. माण या दोहोंच्या मधे, पण शहराच्या बाजूला अधिक झुकलेले. डिसेंबर इथे सुखाचा महिना असतो. बाग उघडी पडते ती चैत्राच्या शेवटी आणि वैशाखात. तेव्हा पारा चाळिशीला टेकतो, विहिरी खाली जातात, सोसायट्यांच्या दारात पाण्याचे टँकर उभे राहतात आणि मुरमाच्या उतारांवर हिरवे म्हणून फार थोडे उरते. माणच्या अंगणातली वेल आणि कुंपण वैशाखात कसे दिसते, यावरच त्यांची निवड झाली पाहिजे.

खुद्द आयव्ही आणि हॉली या कसोटीला उतरत नाहीत. दोघांचेही भाऊबंद भारतात आहेत. आयव्हीची एक जात आणि हॉलीच्या काही जाती हिमालयात वाढतात. हॉलीच्या कुळातले एक झाड निलगिरीच्या शोला जंगलांतही आहे. सगळी जागा उंच, थंड आणि ओलसर हवेची. पुण्याच्या रोपवाटिकांत आयव्ही मिळते ती लहान कुंडीत, घरात ठेवण्याचे झाड म्हणून. उत्तरेच्या बाल्कनीत, ऊन न लागता, ती पावसाळा आणि हिवाळा बरा काढते. मार्चनंतर हवा कोरडी झाली की पानांच्या मागे लाल कोळी लागतो, पाने ठिपक्याठिपक्यांची होतात आणि गळतात. घाबरून जास्त पाणी घातले तर मुळे कुजतात. हॉलीचे बी उगवायलाच दोन-तीन वर्षे घेते आणि त्याला मधे थंडी लागते. ती थंडी ५६० मीटर उंचीवर, बेसाल्टच्या पठारावर कुठून येणार? दुकाने आणि बाल्कन्या सजवायला प्लास्टिकच्या आयव्हीच्या माळा आता सर्रास मिळतात. एक-दोन उन्हाळ्यांत त्यांचा रंग उडतो आणि त्या कचऱ्यात जातात. इतक्या आवडीने वेल लावायची इच्छा असलेल्या माणसाला प्लास्टिकवर समाधान मानावे लागू नये. या मातीत दोघांची कामे करणाऱ्या वनस्पती भरपूर आहेत.

वेल निवडताना ती कशी चढते हे पाहिले तर निम्मे काम होते. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात चढणाऱ्या वनस्पतींवर दीर्घ लेख लिहिला. आजारपणात खोलीत पडून असताना त्याने खिडकीजवळच्या कुंड्यांतल्या वेलींचे शेंडे तासातासाला कुठे सरकतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्याने वेलींचे गट पाडले: खोडाने विळखा घालणाऱ्या, पानाने किंवा तणाव्याने पकडणाऱ्या, आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या. हा लेख दीडशे वर्षांहून जुना असला तरी माणमधल्या एखाद्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहून त्याच गटांनी विचार करता येतो आणि तो उपयोगी पडतो.

विळखा घालणाऱ्यांत गुळवेल आणि गोकर्ण. यांचा शेंडा हवेत गोल फिरत राहतो आणि एखादी उभी काठी, तार किंवा दुसरे खोड लागले की त्याभोवती वळतो. सपाट भिंतीवर या वेली कधीच चढणार नाहीत, कारण भिंतीला विळखा घालता येत नाही. भिंतीशेजारी गोकर्ण लावून ती जमिनीवरच लोळते म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात. तिला नुसती एक उभी सुतळी बांधून दिली तरी ती आठ-पंधरा दिवसांत वर जाते.

गुळवेलीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिच्याइतकी चिवट वेल या भागात दुसरी नाही. हृदयाच्या आकाराची पाने, कागदासारखी सुटणारी साल आणि वरून खाली लोंबणारी दोऱ्यासारखी बारीक मुळे ही तिची ओळख. तिचे खोड मधेच कापले तरी वरचा भाग मरत नाही. झाडावर लटकलेल्या स्थितीत तो साठवलेल्या ओलाव्यावर जगतो, खाली एक धागा सोडतो आणि तो धागा जमिनीला टेकला की मूळ धरून पुन्हा जोमाने वाढतो. तिला अमृतवेल म्हणतात ते हे पाहूनच पटते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल औषधाला उत्तम मानतात आणि करोनाच्या साथीत तर तिला इतकी मागणी आली की गावोगावच्या कुंपणांवरून ती ओरबाडली गेली. मात्र वैशाखाच्या कसोटीवर ती अर्धीच उतरते. उन्हाळ्यात तिची पाने झडतात आणि दोरखंडासारखे खोड तेवढे उरते. म्हणून ती निंबावर, परसात लावावी. सावलीसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये.

तणाव्यांच्या वेली म्हणजे मांडवाच्या वेली: तोंडली, दोडका, घोसाळे, दुधी, कर्टुली, कृष्णकमळ. तणावा स्पर्श झाल्याबरोबर वळू लागतो. आधार पकडल्यावर त्याचा मधला भाग स्प्रिंगसारखा पिळतो आणि त्यामुळे वेल आधाराकडे ओढली जाते. वारा आला तर ती स्प्रिंग ताणली जाते, तुटत नाही. या पिळाची एक गंमत डार्विनने नीट मांडली आहे. दोन्ही टोके धरलेली असताना एकाच दिशेने पीळ देत राहणे शक्य नसते, म्हणून तणाव्याच्या मध्यावर पिळाची दिशा उलटते. तोंडलीच्या कोणत्याही वेलीवर हे डोळ्यांनी दिसते. तणावा बारीक वस्तूच पकडू शकतो, त्यामुळे या वेलींना जाड खांब निरुपयोगी. बांबूच्या फाकी, सुतळीची जाळी किंवा तार हवी.

माणसारख्या गावांत तोंडलीचा मांडव मोरीच्या बाहेर घालण्याची रीत आहे. भांडी घासलेले, अंघोळीचे पाणी वाया न जाता वेलीच्या आळ्यात जाते, उन्हाळ्यातही वेल हिरवी राहते आणि मांडवाखाली धुणे-भांडी करायला सावली मिळते. टँकरच्या पाण्यावर बाग जगवणाऱ्या नव्या बंगल्यांनी ही रीत उचलण्यासारखी आहे, साबण जरा बेताने वापरून. तोंडली अनेक वर्षे टिकते आणि छाटकलमाने सहज लागते. बियांवरून लावू नये, कारण तोंडलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. हॉलीतही असेच असते. लाल फळांच्या आशेने लावलेले हॉलीचे झाड नर निघाले तर त्याला फळ कधीच येत नाही आणि मादीजवळ नर नसेल तरी फळे येत नाहीत. पावसाळ्यात मुळशी-मावळातून बाजारात येणारी कर्टुली हेच नखरे करतात. त्यांच्या वेली उन्हाळ्यात वरून पूर्ण नाहीशा होतात, जमिनीतला कंद तेवढा जिवंत असतो आणि पहिल्या पावसात कोंब वर येतो. अंगणात कर्टुली हवी असेल तर मादी वेलींचे कंद मागून घ्यावेत आणि साधारण दहा माद्यांमागे एक नर ठेवावा. रानात ही व्यवस्था आपोआप होते, कुंपणात ती माणसाने करावी लागते.

पानांच्या टोकाने पकडणारी कळलावी ही या सगळ्यांत देखणी. तिच्या पानाचे टोकच लांबून आकडीसारखे वळते आणि शेजारच्या काटक्यांना धरते. श्रावणात तिची पिवळी-लाल, ज्वालेसारखी फुले कुंपणातून वर येतात. तीही कंदावर जगते आणि कोरड्या दिवसांत गायब होते. तिचा कंद अत्यंत विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरात ती दुरून पाहावी, हेच बरे.

मुळांनी चिकटणाऱ्या वेली हा आयव्हीचा स्वतःचा गट. आयव्हीच्या कोवळ्या फांद्या उजेडाकडे जाण्याऐवजी त्याच्यापासून दूर वळतात, त्यामुळे त्यांना काळोखी खोडे आणि भिंती सापडतात. खोडावर फुटलेली आखूड मुळे एक चिकट द्रव सोडून पृष्ठभागाला धरतात. पुढे वरच्या उन्हात पोहोचलेली आयव्ही आपले रूपच बदलते. पानांचे पाच कोन जातात, पान साधे होते, फांदी भिंत सोडून बाहेर येते आणि तिला फुले लागतात. या वेलीचा माणमधला खरा जोडीदार म्हणजे रोपवाटिकांत 'वॉल क्रीपर' म्हणून मिळणारी, वडा-उंबराच्या कुळातली लहान पानांची वेल. ती मूळची चीन-जपानकडची. तीही मुळांनी भिंतीला बिलगते, आणि वय झाले की तिचेही रूप पालटते: नखाएवढी नाजूक पाने जाऊन हाताच्या बोटाएवढी जाड पाने येतात, फांद्या भिंतीपासून फुटभर बाहेर येतात आणि त्यांना हिरवी, उंबरासारखी फळे धरतात. भिंतीवर ती सपाट हिरव्या गालिच्यासारखी हवी असेल तर वर्षातून दोन-तीन वेळा छाटून तिला त्या वयापर्यंत पोहोचूच देऊ नये. तिला सुरुवातीला पाणी लागते, पण एकदा स्थिरावली की उत्तरेच्या आणि पूर्वेच्या भिंतीवर वैशाख काढते.

वेलीमुळे भिंत खराब होते का, हा प्रश्न इथे प्रत्येक घरमालक विचारतो आणि तो रास्त आहे. इंग्लंडमध्ये जुन्या वास्तूंवरच्या आयव्हीचा ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला. भिंत मुळात धड असेल तर आयव्ही तिला ऊन-थंडीच्या टोकाच्या चढउतारांपासून वाचवते, पण आधीच भेगा असतील तर मुळे त्यांत शिरून नुकसान करतात, असे त्यांना आढळले. माणच्या घरांना हाच न्याय लावावा. सिमेंटचा गिलावा तडकलेला असेल तर आधी तो दुरुस्त करावा, मग चिकटणारी वेल लावावी. रंगवलेल्या भिंतीवर ती लावायची तर पुन्हा रंग देण्याचा विचार सोडावा लागतो, कारण वेल ओढून काढली तरी मुळांच्या खुणा उरतात. खरा धोका वेगळाच आहे. पावसाळ्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ आणि उंबराची रोपे गच्चीच्या कठड्यात आणि पाइपांच्या सांध्यांत रुजतात. सह्याद्रीतल्या गडांचे बुरूज याच मुळांनी फोडले आहेत. दाट वेलीआड ही रोपे लपतात, म्हणून पावसाळ्यानंतर वेल हाताने बाजूला करून एकदा सगळी भिंत बघावी.

मुळांनीच चढणारी एक अस्सल घरची वेलही आहे, ती म्हणजे नागवेल. पानमळ्यांत ती शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा यांच्या जिवंत खोडांवर चढवतात. तिला सावली, ओलावा आणि निचरा तिन्ही लागतात. अंगणात पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, शेवग्याच्या बुंध्याशी तिला जागा द्यावी. मनीप्लांटही याच गटातला. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरून निघालेली ही वेल आज जगभरच्या बाटल्यांत आहे. खाली लोंबत ठेवली तर तिची पाने लहान राहतात, झाडावर चढू दिली तर हातभर होतात. नव्या इमारतींच्या गच्च्यांवरून आणि वाहनतळांच्या कठड्यांवरून जी हिरवी झालर लोंबते ती मात्र चढणारी वेलच नव्हे. ती 'कर्टन क्रीपर', म्यानमार-थायलंडकडची. तिला आधाराची गरज नाही, उंच पेटीत लावून खाली सोडले की झाले. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या काँक्रीटवर सावली धरण्याचे काम ती खरोखर चांगले करते, पण रोज पाणी मागते.

आकड्यांनी चढणाऱ्या वेलींपाशी आले की वेल आणि कुंपण यांतला भेदच पुसट होतो. बोगनवेल, चिल्लार, सागरगोटा, शिकेकाई, वाघाटी या काट्यांच्या जोरावर दुसऱ्या झुडपांवर पसरतात आणि त्याच काट्यांनी वाट अडवतात. आयव्ही आणि हॉली या दोघांचे काम एकटीने करणाऱ्या या वनस्पती आहेत. सागरगोट्याच्या राखाडी, टणक बिया घेऊन मुलींच्या कित्येक पिढ्या ओटीवर खेळल्या. चिल्लारीचे पिवळे तुरे रस्त्याकडेच्या कुंपणांत दिसतात, आणि शिकेकाई घराजवळ लावण्याइतकी आवरती राहत नाही. बोगनवेल परदेशी असली तरी वैशाखाची आहे: पाणी तुटले की तिला बहर येतो. तिचे रंगीत 'फूल' म्हणजे पानेच असतात. खरे फूल आत लहान, पांढुरके. माणच्या मुरमाड, पश्चिमेकडे तोंड असलेल्या कुंपणाला पाण्याविना शोभा हवी असेल तर तिच्याहून सोपा उपाय नाही. तिला जास्त पाणी आणि खत दिले की नुसती पाने येतात.

वाघाटीची गोष्ट निराळी. तिचे दुहेरी वाकडे काटे कपड्यात अडकले तर मागे सरकूनच सोडवावे लागतात. पाने जाड, हिरवीगार आणि उन्हाळ्यातही टिकणारी. होळीच्या सुमारास तिला पांढरी, लांब केसरांची फुले येतात आणि ती जुनी होता होता गुलाबी-लाल होतात. फळे पावसाळ्यात धरतात. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाटीच्या फळांची भाजी ताटात हवी, असा रिवाज महाराष्ट्रात आहे, आणि देहू-आळंदीच्या एवढ्या जवळच्या गावांत तर तो जपला जायलाच हवा. गोविंदफळ हे तिचे दुसरे नाव. पुण्याच्या मंडईत त्या दोन-तीन दिवसांतच ही फळे दिसतात आणि चढ्या भावाने जातात. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कित्येक जाती तिच्याच पानांवर अंडी घालतात. शेताच्या बांधावर ती आपोआप येत असे. बांध गेले, प्लॉटची तारेची कुंपणे आली, आणि वाघाटी दुर्मीळ झाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी मोठी सूची प्रसिद्ध केली तिच्यात वाघाटीची आणि करवंदाची सविस्तर वर्णने आहेत. या वनस्पती आजही सूचीबाहेर, खऱ्या कुंपणात उभ्या राहिल्या पाहिजेत. त्यासाठी एखाद्या अंगणाची दहा फूट कड पुरेशी असते.

हॉलीची जागा सर्वार्थाने भरून काढते ते करवंद. पाने गडद, जाड, तकतकीत आणि बारमाही. काटे पानाला नसून फांदीला, टोकाशी दोन फाट्यांचे आणि चांगलेच मजबूत. माघ-फाल्गुनात जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले. मग हिरवी फळे, ती आधी लालसर आणि पिकल्यावर काळी. हे पिकणे नेमके वैशाखात, सगळे रान करपलेले असताना होते. डोंगरची काळी मैना अशी आरोळी देत पळसाच्या किंवा सागाच्या पानांच्या द्रोणांतून विकली जाणारी करवंदे ही सह्याद्रीच्या उन्हाळ्याची मिळकत आहे. कच्च्या करवंदांचे लोणचे सगळ्यांना माहीत असते. फारसे माहीत नसते ते हे, की भारतातल्या बेकऱ्यांत केकवर जी लाल 'चेरी' बसवतात ती पुष्कळदा रंग देऊन पाकात मुरवलेले करवंदच असते. नाताळच्या केकवर इतकी वर्षे तेच विराजमान आहे.

कुंपण म्हणून करवंद लावायचे तर थोडा धीर हवा. छाटकलमे सहसा धरत नाहीत. बी ताजेच पेरावे लागते, कारण ते लवकर निकामी होते. मे-जूनमध्ये फळे खाल्ली की लगेच पिशव्यांत पेरणे उत्तम. दोन-अडीच फुटांवर एक रोप, शक्य तर दोन ओळी तिरप्या मांडणीत. पहिली दोन वर्षे ती फार हळू वाढतात आणि त्या काळात शेळ्यांपासून जपावी लागतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येऊ लागते. त्यानंतर पाणी घालावे लागत नाही आणि माणूस, कुत्रे, शेळी कोणीही त्यातून पलीकडे जात नाही. बुलबुल आणि सातभाई मात्र जातात. शिंपी पक्षी पाने शिवून घरटे करतो, मुंगूस खालून वाट काढते. विटांच्या भिंतीने हे सगळे येणेजाणे बंद होते. भिंतीला खर्च जास्त, जागा कमी आणि देखभाल शून्य, म्हणून ती बांधली जाते. घराची सुरक्षितता तिच्यावर सोपवावी हे समजण्यासारखे आहे. पण तिच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला तीन फूट मातीची पट्टी सोडली असती तर करवंदही उभे राहिले असते. नव्या वसाहतींच्या आराखड्यांत ही पट्टी फरशीखाली गाडली जाते, हे माणचे मोठे नुकसान आहे.

काटेरी नसलेल्या कुंपणांचे काम थोडक्यात सांगता येते. अडुळसा, निर्गुडी आणि कोयनेल यांना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. निर्गुडी ओढ्याकाठी, अडुळसा कोरड्या जागी. कोयनेल कातरून चौकोनी आकारात ठेवता येते आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या बंगल्यांची कुंपणे बहुधा तिचीच असत. मोगली एरंड आणि गिरिपुष्प यांच्या नुसत्या काठ्या रोवल्या तरी त्या फुटतात. गिरिपुष्पाचा पाला भाताच्या खाचरात खत म्हणून जातो. शेराचे कुंपण मजबूत, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते, म्हणून ते मुलांच्या वाटेवर नको. हुबेहूब हॉलीसारखी काटेरी पाने ज्यांना हवीतच त्यांच्यासाठी 'सिंगापूर हॉली' नावाने मिळणारे, मूळ वेस्ट इंडीजचे ठेंगणे झुडूप आहे. ते पुण्यात चांगले वाढते आणि वाफ्याच्या कडेला शोभते. गुरे अडवण्याइतके ते उंच होत नाही.

लावू नये अशा गोष्टींत पहिली घाणेरी. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेचे झाड म्हणून आली आणि कुंपणासाठी देशभर गेली. बुलबुलांनी तिची फळे खाल्ली, बिया डोंगरावर टाकल्या आणि आज सह्याद्रीचे कित्येक उतार तिच्या जाळीखाली आहेत. युरोपातून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर नेलेल्या आयव्ही आणि हॉलीनेही तिथल्या जंगलांत असाच उच्छाद मांडला आहे. बागेतली वनस्पती कुंपणाबाहेर गेल्यावर काय करेल, हा विचार लावणाऱ्याने लावतानाच करायचा असतो. हिरवळीऐवजी पसरवली जाणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया ओढ्यानाल्यांत उतरते. तिलाही आळा हवा.

लागवड मृगाच्या पावसावर करावी. नव्या प्लॉटवर वरचा थर बहुधा मुरूम आणि बांधकामाच्या राडारोड्याचा असतो. त्यात खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल घेऊन राडा बाहेर काढावा आणि निम्मी काळी माती, निम्मे शेणखत भरावे. हा खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. काळ्या जमिनीत उलट निचऱ्याची काळजी, म्हणून रोप थोड्या उंचवट्यावर. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटे थर. रोज थोडे थोडे पाणी दिल्याने मुळे वरच्या वर राहतात आणि वैशाखात तीच आधी भाजतात. भिंतीशेजारची वेल भिंतीपासून निदान फुटभर दूर लावावी आणि तारेची जाळी भिंतीपासून अर्धा फूट पुढे ठोकावी, म्हणजे मधून हवा खेळते, ओल धरत नाही आणि रंगाऱ्याला हात घालता येतो. पश्चिमेच्या भिंतीला उन्हाळ्यात पाने टिकवणारी वेलच हवी. तिथे मधुमालती चांगली. संध्याकाळी पांढरी उमलून दोन-तीन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होणारी तिची फुले, आणि गळलेल्या पानांच्या देठांचे उरणारे काटे यांमुळे ती फाटकाच्या कमानीवरही शोभते. फक्त तिचा भार मोठा असतो, म्हणून कमान लोखंडाची असावी.

छाटणी फुले किंवा फळे संपल्यावर करतात. करवंदाची जूनच्या शेवटी, बोगनवेलीची पावसाळ्याच्या तोंडावर, मधुमालतीची बहर ओसरल्यावर. कुंपण कातरताना ते खाली रुंद आणि वर अरुंद ठेवावे, नाहीतर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात आणि बुडाशी भगदाडे पडून तिथून शेळ्या आत येतात. कातर लावण्यापूर्वी आत घरटे आहे का हे फांद्या हाताने दूर करून पाहावे; ज्येष्ठ ते भाद्रपद हा पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे, आणि घरटे दिसले तर तेवढा भाग महिनाभर तसाच सोडावा. दाराजवळ आणि पायवाटेलगत कुंपणाचा खालचा फुटभर भाग मोकळा ठेवला की बुडाशी कचरा साठत नाही, उंदरांना आसरा मिळत नाही आणि त्यांच्या मागे येणारे सापही दूर राहतात.